प्रशिक्षक कसा जोखायचा? निकाल बाजूला ठेवून डावपेच आणि खेळाडूंची घडण

अनगोळकर

१४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्यावर भारताच्या फुटबॉल संघाची सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला होता. प्रशिक्षक तेच, खालिद जमील. खेळाडूही बरेचसे तेच. सप्टेंबरात डोक्यावर घेतलेल्या माणसाला ऑक्टोबरात हाकला म्हणायचं, ही काही पारख नव्हे. महिन्याभरात कुणाची अक्कल वाढत नाही आणि आटतही नाही.

मला दोन प्रश्न वेगळे ठेवायचे आहेत. पहिला, प्रशिक्षकाने काय ठरवलंय आणि मैदानात ते दिसतंय का. दुसरा, त्याच्या हाताखालून गेलेला खेळाडू पुढे काय होतो. दोन्हींची गल्लत केली की चर्चा वाया जाते.

पहिल्यापुरतं माझं बघण्याचं तंत्र सांगतो. पहिली २० मिनिटं चेंडूकडे बघायचं नाही. टीव्हीवर हे जमत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. स्टँडमध्ये वरच्या रांगेत, शक्यतो गोलच्या मागे किंवा कोपऱ्यात बसा. मध्यरेषेवरून खेळ छान दिसतो, पण एकाच ओळीतल्या खेळाडूंमधलं आडवं अंतर नीट दिसत नाही.

गोलकिकपासून सुरुवात करा. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येतो, त्यामुळे प्रशिक्षकाचा विचार तिथेच उघडा पडतो. सेंटर बॅक (मधले बचावपटू) बॉक्समध्ये उतरतात का? मधला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे लपून उभा राहतो, की बाजूला सरकून गोलीला दिसेल असा उभा राहतो? लांब मारायचं ठरलं असेल तर चेंडू पडायच्या आधी तिघं जण खाली दुसऱ्या चेंडूसाठी, म्हणजे टक्करीतून सुटून येणाऱ्या चेंडूसाठी, जमलेत का? लांब मारण्यात कमीपणा काही नाही. लांब मारून खाली कुणीच नसणं ही मात्र प्रशिक्षकाची चूक.

मग आपला हल्ला चालू असताना चेंडूच्या मागे किती जण राहिले ते मोजा. ४-२-३-१ मांडणीत दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) वर गेले आणि बचावासमोरच्या दोन होल्डिंग मिडफिल्डरपैकी एकही पुढे सरकला, तर मागे दोन सेंटर बॅक आणि एकटा मिडफिल्डर उरतो. समोरच्याचा एक वेगवान विंगर पुरे. चांगले संघ मागे तीन आणि त्यांच्यापुढे दोन, असे पाच जण ठेवतात. हे पाच कोण, हे जर प्रत्येक हल्ल्यात वेगळं दिसलं तर समजा सराव झालेला नाही.

चेंडू गेल्यावरची पहिली ५ सेकंदं सगळ्यात महत्त्वाची. तिथेच झडप घाला किंवा सगळे मागे पळा, दोन्ही चालतं. तिघं झडप घालतायत आणि बाकीचे मागे पळतायत, हे चालत नाही. मधे पडलेल्या त्या खिंडारातून गोल होतो आणि शिव्या मात्र सेंटर बॅक खातो.

वहीत खुणा करा. दहा गोलकिकमध्ये एकच जागा सहा-सात वेळा मोकळी झाली तर ती शिकवलेली आहे. एकदा झाली तर योगायोग. आणि गोल खाल्ल्यावर लगेच ठरवू नका: डाव चुकला, की डाव बरोबर होता आणि पाय चुकला? मोकळ्या माणसापर्यंत चेंडू पोचला आणि त्याने तो बाहेर मारला, तर त्यात प्रशिक्षकाचा दोष नाही.

चोर्ला_९

सहमत. आकडे बघणाऱ्यांसाठी थोडी भर.

पीपीडीए हा समोरच्यावर टाकलेल्या दाबाचा आकडा. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या बाजूच्या सुमारे ६०% मैदानात केलेले पास, भागिले आपण तिथे केलेले टॅकल, इंटरसेप्शन, चॅलेंज आणि फाउल. आकडा ८ आला तर झडप जोरात, १५ आला तर संघ खाली बसलेला. आता गोची कुठे होते ते बघा. १-० पुढे गेलेला संघ आपोआप खाली बसतो, त्यामुळे पूर्ण सामन्याचा आकडा फसवा. स्कोअर बरोबरीत असतानाची मिनिटं वेगळी काढा. गोव्यातल्या किंवा कोचीतल्या दमट हवेत ६० मिनिटांनंतर हा आकडा वाढतोच, तेव्हा दोन्ही हाफ वेगळे मांडा. कमी पीपीडीए म्हणजे चांगला दाब असंही नाही. दाबातून चेंडू मिळाला कुठे, हेही बघावं लागतं.

एक्सजीचं, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल अपेक्षित होते त्या आकड्याचं, तसंच. एक पेनल्टी म्हणजे जवळपास ०.७८. दोन पेनल्टी मिळाल्या की दीड गोल कागदावर आला, त्यात हल्ल्याची रचना काहीच नाही. पेनल्टी वजा करूनच बघा आणि दहाएक सामन्यांच्या आत प्रशिक्षकावर निकाल देऊ नका.

आणि 'चांगला डाव' एकाच जातीचा नसतो. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) २०१९-२० चा मोसम घ्या. सर्जिओ लोबेरांनी घडवलेला एफसी गोवा उंच बचावरेषा आणि पासिंग खेळून साखळीत पहिला आला. अंतोनियो लोपेझ हबासांचा कोलकात्याचा एटीके ३-५-२ मध्ये दाटून बसायचा, चेंडू मिळाला की थेट पुढे, आणि बाद फेरीतून विजेतेपद त्यांनी नेलं. दोन्ही संघांत प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं. लोबेरांना तर साखळी संपायच्या आधीच काढलं आणि शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडांनी सांभाळले. साखळीत पहिल्या येण्याची शिल्ड कुणाच्या नावावर लिहायची? म्हणून मी फक्त चषकांचं कपाट बघून बोलत नाही.

निपाणी_नाका

काय ओ, एवढं सगळं आयएसएलला ठीक आहे. खरं आपल्याकडं बघा की. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे, तालमींचे संघ खेळतात, तिथं प्रशिक्षकाला आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी मिळतात, खेळाडू नोकरी-धंदा करून येतात. बेळगावातल्या ओपन स्पर्धांना तर कधी कधी एकत्र सरावच होत नाही. तिथं पीपीडीए कोण मोजूलालाय? तिथं जिंकणं हाच हिशेब, आणि त्यात चूक काय?

मी अशा ठिकाणी प्रशिक्षक सेट पीसवर जोखतो. चालू खेळात अकरा जणांचं डोकं चालतं. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो, यात मात्र चेंडू थांबलेला असतो, माणसं उभी करायला वेळ असतो. तीन संध्याकाळी मिळाल्या तरी यातली एक त्यावर घालवता येते. मी बघतो ते असं. कॉर्नर बचावताना जवळच्या खांबापुढच्या पट्ट्यात सगळ्यात चांगलं हेडिंग करणारा उभा आहे का? माणसामागे माणूस लावलाय तर त्यांना अडवणाऱ्या धक्क्यातून सुटायचं शिकवलंय का? बॉक्सच्या बाहेर उडून आलेला चेंडू उचलायला कुणी आहे का? आणि आपण कॉर्नर घेताना मागे दोन जण ठेवलेत की एक? सलग तीन सामन्यांत तोच माणूस तसाच सुटत असेल तर प्रशिक्षक बघत नाही, एवढंच.

दुसरं म्हणजे मैदान. जून ते सप्टेंबर आपल्या लाल मातीवर चेंडू चिखलात बसतो. दोन मीटरचा पास अर्ध्यात थांबतो. अशा दिवशी गोलीपासून छोटे पास खेळायला लावणारा माणूस पुस्तक वाचून आलाय, मैदान बघून नव्हे. पावसात चेंडू हवेतून द्यायचा, समोरच्याला त्यांच्या कोपऱ्यात थ्रो घ्यायला लावायचं, गोलीसमोर जमिनीवरून मारायचं. हे सांगायला कुठला आकडा लागत नाही.

अनगोळकर

सेट पीसचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्याकडून राहिला होता. जिंकण्याच्या हिशेबाला मोठ्यांच्या संघात माझा विरोध नाही. तोच हिशेब १३ वर्षांखालील पोरांना लावतात, तिथे माझा जीव तुटतो.

गोली_खानापूर

दुसऱ्या प्रश्नावर येतो. 'अमुक प्रशिक्षकाने तमुक खेळाडू घडवला' हे वाक्य फार स्वस्तात वापरलं जातं. १८ ते २३ या वयात बहुतेक खेळाडू नुसते खेळत राहिले तरी सुधारतात. त्या नैसर्गिक वाढीचं श्रेय प्रशिक्षकाला द्यायचं नसेल, तर काय बघायचं?

प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांचं आयएसएलमधलं हैदराबाद एफसी बघा. २०२१-२२ चं विजेतेपद सगळ्यांना आठवतं. मला त्याच्या आधीचा मोसम जास्त मोलाचा वाटतो. आकाश मिश्रा, आशीष राय, लिस्टन कोलासो, मोहम्मद यासिर ही तरुण पोरं तेव्हा सातत्याने सुरुवातीच्या अकरात होती. ८५ व्या मिनिटाला सामना हातात असताना उतरवलेली नव्हेत. चुका केल्यावर पुढच्या सामन्यात परत तीच पोरं. मिनिटं मोजताना हा फरक करावाच लागतो: सुरुवातीपासून किती, बदली म्हणून किती, स्वतःच्या जागेवर किती, आणि चुकीनंतरच्या सामन्यात किती. शेवटचा आकडा प्रशिक्षकाची छाती दाखवतो.

त्यानंतर बघायचं, खेळाडू क्लब सोडल्यावर टिकतो का. लिस्टन आणि आशीष मोहन बागानकडे गेले, आकाश मुंबई सिटीकडे गेला, आणि तिघांनाही तिथे वेगळ्या पद्धतीत जागा मिळाली. जो खेळाडू फक्त एकाच प्रशिक्षकाच्या रचनेत चमकतो आणि बाहेर गेला की विझतो, तिथे घडण कमी आणि रचनेचा टेकू जास्त होता.

शेजारी कोण होते हेही विसरू नका. विंगर लालियनझुआला छांगटेने २०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या मुंबई सिटीकडून १० गोल केले. बकिंगहॅमना श्रेय आहेच, त्याला ते सतत गोलकडे तोंड करून चेंडू मिळेल अशा जागी उभा करत होते. पण बाजूला ग्रेग स्टुअर्ट, नोगेरा आणि परेरा डियाझ होते. बचावपटू त्यांच्याकडे ओढले जायचे. श्रेय वाटूनच द्यावं लागतं.

जागा बदलणं हे प्रशिक्षकाच्या नजरेचं सगळ्यात स्वच्छ माप. लोबेरांनी गोव्यात मंदार राव देसाईला डाव्या विंगवरून डाव्या बॅकला आणलं. मंदारचा वेग आणि दम समोर मोकळी जागा असेल तेव्हा कामी येत होता. बॅकला तीच जागा त्याला दर हल्ल्यात मिळायला लागली. परदेशातलं उदाहरण हवं तर इंग्लंडच्या लीड्स क्लबमध्ये प्रशिक्षक बिएल्सांनी २०१८ मध्ये कॅल्व्हिन फिलिप्सला बचावासमोर एकटा उभा केला, आणि तीन वर्षांनी तो इंग्लंडकडून युरोची अंतिम लढत खेळला.

याची उलटी बाजू आपल्या जवळची आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात पुढे खेळला. तो संघ खाली बसून बचाव करणारा होता. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. अशा संघात फॉरवर्डचं काम धावून चेंडू अडवणं आणि पाठीवर माणूस घेऊन श्वास मिळवून देणं. गोल मोजून त्याला जोखणं अन्याय आहे. पुढे क्लबांत तो बराचसा विंगवर दिसला. यात एका प्रशिक्षकाचा दोष नाही. मैदानात चार परदेशी चालतात आणि ९ नंबर, म्हणजे मुख्य फॉरवर्ड, बहुतेक क्लब त्यातूनच भरतात, मग भारतीय फॉरवर्ड कडेला सरकतो. सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं त्याचं मूळ इथेच आहे.

निपाणी_नाका

आणि तेच मार्केझ भारताचे प्रशिक्षक झाल्यावर? ८ सामन्यांत एकच विजय, मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध ३-० चा. घडवणारा माणूस तिथं कुठं गेला?

चोर्ला_९

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर दिवसांत आहे. क्लबला आठवड्यात पाच सराव, वर्षात आठ-दहा महिने. राष्ट्रीय संघाला एका खिडकीत (आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या काळात) आठ-दहा दिवस, त्यातले पहिले दोन प्रवास आणि पाय मोकळे करण्यात, शेवटचा हलका. उरतात चार-पाच खरे सराव. मार्केझ यांची पद्धत छोट्या त्रिकोणांतून, ओळखीच्या हालचालींतून उभी राहते. ती सवयीने येते, बैठकीत सांगून येत नाही. खालिद यांची पद्धत साधी: दाटून बचाव, थेट चेंडू, सेट पीस. ती चार दिवसांत बसवता येते, म्हणून सप्टेंबरात लगेच फळ दिसलं. घरच्या मैदानावर, जिंकावंच लागेल अशा सामन्यात, समोरचा संघ खाली बसला की त्याच पद्धतीची मर्यादा दिसते. त्यामुळे प्रशिक्षक कामाप्रमाणे निवडायचा. मार्केझ यांना दोष द्यायचाच तर इतका द्या, की मिळालेल्या दिवसांत मावेल एवढा छोटा डाव त्यांनी आखला नाही.

शहापूरची_लेक

सगळे मोठ्यांच्या फुटबॉलवर बोलताहेत. पोरांच्या प्रशिक्षकाला जोखताना शरीर आधी बघा. मी फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण १२ व्या वर्षी, मुलांची १४ व्या वर्षी, पुढेमागे एखाद-दोन वर्षं. त्या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. पोर अडखळायला लागतं, काल येणारा पास आज चुकतो. नेमकं तेव्हाच 'आळशी झाला' म्हणून बाकावर बसवणारे प्रशिक्षक आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा दुखणं, टाच दुखणं, ही वाढीच्या जागेवरच्या ओढीची लक्षणं असतात. प्रशिक्षक दर तीन महिन्यांनी उंची नोंदवतो का, विचारा. तीन महिन्यांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की उड्या, जोरदार शूटिंग आणि स्प्रिंट कमी करायचे, चेंडूवरचं हलकं काम चालू ठेवायचं. एकूण मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे: पोराचं जितकं वय, आठवड्यात तितक्या तासांपेक्षा जास्त शिस्तबद्ध खेळ नको. शाळेचा संघ, क्लब आणि बॉक्स टर्फ यांची बेरीज करून हा आकडा काढा, कारण तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक आपापलाच तास मोजतात.

दुसरी गोष्ट संघाच्या यादीत सापडते. वयोगट १ जानेवारीपासून धरतात. १८ जणांच्या यादीत जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेले १२ असतील, तर तो प्रशिक्षक कौशल्य निवडत नाही, थोराड पोरं निवडतोय. दोन वर्षांनी बाकीच्यांची उंची भरली की त्यातले बरेच मागे पडतात, आणि डिसेंबरात जन्मलेलं चलाख पोर तोवर खेळ सोडून गेलेलं असतं.

मुलींच्या संघांसाठी आणखी एक. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते. फिफा ११+ हा सराव-पूर्व व्यायाम २० मिनिटांचा आहे: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, २ मिनिटं परत धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. वस्तू काही लागत नाही. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का, हे प्रत्येकीच्या समोर उभं राहून बघायचं असतं. मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून थेट सामना सुरू करणाऱ्याला हे विचाराच.

कडोलीकर

ताई, उंचीचं हे माहीतच नव्हतं, वहीत लिहून घेतलंय. आता सरळ विचारतो. पोरगा १२ वर्षांचा आहे. सर दररोज अकरा-अकराचा सामना लावतात, पूर्ण मैदानावर. बाकीचे पालक म्हणतात, सामना खेळूलालेत तर शिकतील की. आम्ही काही फुटबॉल खेळलेलो नाही. महिन्याभरात आम्हाला कसं कळणार?

गोली_खानापूर

कडोलीकर दादा, खेळलेलं असायची गरज नाही. एक घड्याळ घेऊन बांधावर उभे राहा आणि फक्त तुमच्या पोराकडे बघा. १० मिनिटांत चेंडू त्याच्या पायाला किती वेळा लागला ते मोजा. पूर्ण मैदानावर अकरा-अकरात हा आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार लावा, तोच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. १२ वर्षांच्या पोरांना सामनाही छोट्या मैदानावर नऊ-नऊचा पुरतो, चेंडू ४ नंबरचा.

मग पोरं रांगेत किती वेळ उभी असतात ते मोजा. १६ पोरं आणि एक चेंडू, शूटिंगची रांग, म्हणजे प्रत्येकाला दोन-तीन मिनिटांनी एक लाथ. ९० मिनिटांच्या सरावात पोरगा ६० मिनिटं हलता असावा. चेंडू कमी असतील तर गट पाडून काम भागतं. आठ चेंडू नसणं समजू शकतो, एका चेंडूमागे १६ जणांची रांग लावणं नाही.

सर काय बोलतात ते ऐका. चार विरुद्ध दोनचा रोंडो बघा: ८ बाय ८ मीटरचा चौकोन, चौघं पास खेळतात आणि मधले दोघं चेंडू हिसकावायला बघतात. पोरगा चेंडू घेताना बहुतेक वेळा पास देणाऱ्याकडे तोंड करून, जवळच्या पायाने घेतो. त्यामुळे त्याला एकच वाट उरते, आलेल्या वाटेने परत. 'लवकर पास दे!' असं ओरडून ते सुधारत नाही. शिकवणारा माणूस खेळ थांबवतो, पोराच्या कमरेला हात लावून त्याला अर्धं वळवतो, मागच्या पायाने चेंडू घ्यायला लावतो आणि विचारतो, 'आता किती जण दिसतात?' मग लगेच खेळ सुरू. हे सगळं २० सेकंदांत. पाच मिनिटं भाषण देणाऱ्याची पोरं थंड पडतात.

आणि सामन्यात काय ओरडतात तेही बघा. प्रत्येक चेंडूला 'मार! काढ!' असेल तर पोरगा निर्णय घ्यायचं शिकणार नाही, तो सरांच्या आवाजावर खेळणार. आपल्या शाळांच्या स्पर्धांत अशा संघांना कपही मिळतो, कारण त्या वयात जोरात मारणारं एक थोराड पोर सामना फिरवतं. त्या कपाला भुलू नका.

महिन्याच्या शेवटी सरांना तीन गोष्टी विचारा, भांडणाच्या सुरात नव्हे. माझ्या पोराला सध्या कुठली एक गोष्ट शिकवताय? तो कुठकुठल्या जागांवर खेळला? किती मिनिटं खेळला? नेमकी उत्तरं आली तर थांबा. 'चांगला आहे, मेहनत कमी पडते' एवढंच आलं तर त्यांनी त्याच्याकडे बघितलेलं नाही.

निपाणी_नाका

हे पटलं. शाळांच्या कपाबद्दल तर शंभर टक्के. एक राहिलं: बेळगावच्या पोराला पुढे पाठवायचं कुठं? बेंगळूरु ५०० किलोमीटर, गोवा आणि कोल्हापूर शंभर-सव्वाशेच्या आत. नाव मात्र कर्नाटकच्या संघटनेत.

चोर्ला_९

प्रशिक्षकाची पारख तिथेही होते. भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या नोंदणीची यंत्रणा) पोराची नोंद एका वेळी एकाच क्लबकडे असते. गोव्यातल्या क्लबने ट्रायलनंतर घेतलं तर आधीच्या क्लबची संमती आणि दोन्ही राज्य संघटनांमधली बदली, हे सगळं नोंदणीच्या मुदतीत व्हावं लागतं. त्यामुळे सही करायच्या आधीच विचारा: पुढची संधी आली तर सोडणार का, किती दिवसांत, आणि याआधी कुणाला सोडलंय? जो प्रशिक्षक स्वतःहून ट्रायलच्या तारखा सांगतो, पोराच्या जागेबद्दल दोन ओळी लिहून देतो आणि जन्मदाखला, आधार, फोटो तयार ठेवायला लावतो, त्याच्याकडे पोर ठेवा. स्पर्धेच्या तोंडावर कागद अडवणारे असतात. सहीआधी आधीच्या तुकडीतल्या दोन पालकांशी बोलून घ्या.

कडोलीकर

सगळ्यांचे आभार ओ. शनिवारच्या सरावाला घड्याळ घेऊन जातो. मोजताना सामन्यातले थ्रो-इन पण धरायचे काय?

गोली_खानापूर

नको. पायाला लागलेलेच धरा. आणि त्यातले किती वेळा त्याने चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघितलं, ते शेजारी वेगळं लिहा.